गेटवर काढून घेतलेली डबी : व्यसनमुक्ती केंद्रातून एक खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, वडाळा, मुंबई

सविनय नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्रांतच एचआयव्हीची चाचणी व्हावी आणि ती कशी करायची हे आम्हाला शिकवावं, हे मागायला हे पत्र लिहितोय. एकाच पत्रावर दोन पत्ते घातलेत ते मुद्दाम. वेगवेगळी पत्रं पाठवली असती तर मंत्रालयातून ‘हा विषय आरोग्याचा’ असं उत्तर आलं असतं आणि वडाळ्याहून ‘व्यसनमुक्ती केंद्रं आमच्या अखत्यारीत नाहीत’ असं. दोन्ही उत्तरं नियमाला धरून असती, म्हणून तर काही करता आलं नसतं.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. सतरा वर्षं झाली. माझं, केंद्राचं, गावाचं नाव लिहीत नाही. नावावरून केंद्र कळेल आणि केंद्रावरून ज्याच्याबद्दल खाली लिहितोय तो माणूस कळेल. आमच्याकडे एवढं पुरतं.

आमच्याकडे ॲडमिशनच्या वेळी झडती होते. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, लायटर, मोबाईल, कमरेचा पट्टा, खोकल्याचं औषध, कसल्याही गोळ्या, सगळं काढून पिशवीत घालायचं, पिशवीवर नंबर टाकायचा आणि रजिस्टरला चढवायचं. काही वर्षांपूर्वी पस्तिशीचा एक माणूस दारूसाठी दाखल झाला. मेहुणा घेऊन आला होता. पिशवीत एक पांढरी प्लास्टिकची डबी निघाली, तिचं लेबल नखानं खरडून काढलेलं. ‘हे काय?’ विचारलं तर म्हणाला, ‘ॲसिडिटीचं.’ मेहुणा शेजारीच उभा होता. बाहेरच्या गोळ्या चालत नाहीत असा नियम. त्या दिवशी रजिस्टरला मीच बसलो होतो. मी लिहिलं : ‘पांढरी डबी १, गोळ्या २२.’

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्यांनी लिव्हर पाहिलं, शुगर पाहिली, हाताची थरथर पाहिली. डबी त्यांना कुणी दाखवली नाही. नवव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर कपडे धुवायच्या दगडापाशी तो मला म्हणाला, ‘सर, त्या डबीतली एक गोळी रोज रात्री देता येईल का?’ मी म्हणालो, ‘पित्त होतंय का? आपल्याकडे आहे की गोळी.’ तो थोडा वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘तसली नाही ती.’

नऊ रात्री. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या उपचाराच्या, गोळीत एवढा खंड पडणं म्हणजे काय, हे आता मला समजतं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की एड्सवर औषध निघालंय आणि ते सिव्हिलला फुकट मिळतं. गोळीचा रंगही ठाऊक नव्हता. पण गोष्ट इथं संपत नाही. घाबरून मी लगेच एआरटी केंद्राला फोन लावला. ऑफिसचं दार सताड उघडं होतं आणि स्वयंपाकघरातला पोरगा चहा घेऊन आत आला होता. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत त्या पेशंटचं ताट वेगळं मांडलेलं होतं. तसं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी तो ‘स्वेच्छेने’ या शब्दावर सही करून निघून गेला. फॉलोअपला आला नाही.

या सगळ्यात वाईट माणूस कोण ते मला अजून सापडलेलं नाही. झडती घेणारा भाऊ स्वतः अकरा वर्षं दारूपासून लांब आहे, रात्री-अपरात्री पेशंटचं ओकलेलं पुसतो. ताट वेगळं काढणाऱ्या मावशी त्याच माणसाला पहिले तीन दिवस चमच्यानं पेज भरवत होत्या. आम्हाला कुणाला काही शिकवलेलं नव्हतं, एवढंच.

१९८६ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, भारतातले पहिले एचआयव्हीबाधित आढळले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं आणि महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामाला एक रूप आलं. दोन्ही कामं एका वयाची. पण एक आरोग्य खात्याच्या घरी वाढलं, दुसरं समाजकल्याणच्या. दिल्लीतही तसंच आहे. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, आरोग्य मंत्रालयाकडे, आमची अनुदानित केंद्रं सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. टीआय प्रकल्प (लागणीचा जास्त धोका असलेल्यांमध्ये जाऊन काम करणारे), आयसीटीसी (एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र), एआरटी, ओएसटी (सुईच्या नशेऐवजी देखरेखीखाली द्यायचं औषध) ही त्या घरची भाषा. डिटॉक्स (शरीरातली नशा उतरवणं), स्लिप (सोडल्यावर पुन्हा घेणं), शेअरिंग, फॅमिली मीटिंग ही आमची. पेशंट मात्र एकच आहे आणि तो दोन्ही घरांच्या मधल्या बोळात उभा आहे.

‘एचआयव्हीचा धोका सुई टोचणाऱ्यांना, तुमच्याकडे तर दारूडे येतात,’ असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलंय. सुईचा धोका मोठा आहे, वाद नाही. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, तर २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये ते सुमारे ९ टक्के निघालं. मणिपूरने हे फार आधी भोगलं आणि १९९६ मध्येच सुया-सिरिंज देण्याचं धोरण स्वीकारलं. पण महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे चार लाख लोक आहेत, देशात सर्वांत जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकांना लागण झाली ती लैंगिक संबंधातून. आता दारू प्यायलेला माणूस कंडोम वापरतो का, कुठं जातो, सकाळी त्याला काय आठवतं, हे आमच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या व्यसनांच्या पाहणीत दारूसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५.७ कोटी होती. त्यांतले जे थोडे आमच्या दारापर्यंत पोचतात ते महिनाभर आमच्याकडे राहतात, शुद्धीवर असतात, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या शरीराचा विचार करत असतात. असा महिना आयसीटीसीला कधीच मिळत नाही.

आणि सुई आमच्याकडे नाही असंही आता म्हणवत नाही. गेल्या काही वर्षांत जिममधली पोरं यायला लागलीत. मेफेंटरमाईनची इंजेक्शनं. खरं तर ते ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं औषध, पोरं ते वर्कआऊटच्या आधी टोचून घेतात. एकाला विचारलं, सिरिंज कुणाची? म्हणाला, ‘ग्रुपची.’ पाच जणांत एक. ‘पण आम्ही नशा नाही करत सर.’ आमच्या केस पेपरवर सुईचा प्रश्न ‘गर्द’ या रकान्याखाली आहे. हा पोरगा गर्दुल्ला नाही, म्हणून तो प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. हिपॅटायटिस सी, म्हणजे सुईतूनही पसरणारी लिव्हरची लागण, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होणारा आजार, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत, आणि आमच्यापैकी कितीकांनी तो शब्द उच्चारलाय?

तुम्ही म्हणाल, सिव्हिलला आयसीटीसी आहे, पाठवा तिकडे. पाठवतो की. चिठ्ठी लिहितो. अठरा दिवस दारूपासून लांब असलेल्या माणसाला सिव्हिलला न्यायचं म्हणजे सोबत एक माणूस, एक रिक्षा, आणि स्टँडसमोरच्या देशी दुकानावरून जाणारा रस्ता. तिथं रांग. रांगेत गावाकडचा कुणीतरी हमखास भेटतो. म्हणून आम्ही म्हणतो, डिस्चार्ज झाल्यावर जा. तो ‘हो’ म्हणतो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात जाते, शर्ट धुण्यात जातो.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या १२ व्यसनोपचार केंद्रांमध्ये १,२८१ जणांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. काहींना बाहेर चाचणीसाठी पाठवलं, काहींची झटपट चाचणी केंद्रातच केली. केंद्रात चाचणी झालेल्यांच्या हाती निकाल पडण्याचं प्रमाण बाहेर पाठवलेल्यांच्या सुमारे साडेचार पट होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला समुपदेशक म्हणून जरा झोंबली : चाचणीआधी धोका कमी करण्यावर सविस्तर समुपदेशन केलेल्यांत आणि नुसती थोडक्यात माहिती दिलेल्यांत पुढच्या असुरक्षित संबंधांच्या बाबतीत फरक दिसला नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की तासभर प्रवचन झोडण्याचं प्रशिक्षण आम्हाला नको. आपल्या कायद्यात चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन सांगितलं आहे, ते करायचंच. पण थोडक्यात कसं विचारावं, कुठं गप्प बसावं आणि निकाल कसा सांगावा, हे शिकवा.

विचारायचं म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही दारूबद्दल काहीही विचारू शकतो. बायकोला मारलंस का, पोरीच्या लग्नाचे पैसे प्यायलास का, चड्डीत झाली होती का, सगळं. पण संभोगाकडे विषय आला की जीभ जड होते. मराठीत या विषयाचे शब्द दोनच ठिकाणी मिळतात, शिवीत नाहीतर शासनाच्या पत्रकात. मग आम्ही ‘संबंध’ म्हणतो. मी एकाला विचारलं होतं, ‘बायकोशिवाय आणखी कुणाशी संबंध?’ तो म्हणाला, ‘सगळ्यांशी चांगले आहेत सर, एक चुलता सोडला तर.’ दुसऱ्याला विचारलं, ‘बाहेर जाता का?’ ‘जातो ना, पुणे-नागपूर लाईनवर असतो.’ हसू येतं, पण दोघांच्या केस पेपरवर त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेलो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तर आम्ही विचारतच नाही. आणि बायका? आमच्याकडे दाखल होणाऱ्या बायका थोड्या, पण पेशंटच्या बायका दर रविवारी फॅमिली मीटिंगला येतात. त्यांच्याशी याबद्दल कोण बोलणार, नवऱ्याचं काही न सांगता कसं बोलणार, हे आम्हाला कुणी दाखवलेलं नाही.

म्हणून प्रशिक्षणात पहिला दिवस शब्दांचा ठेवा. समोरासमोर बसवून माणसांना मोठ्यानं बोलायला लावा. लातूरकडं काय म्हणतात, खानदेशात काय म्हणतात, पेशंटचाच शब्द उचलून तो न लाजता परत कसा वापरायचा. हे पीपीटीवर होत नाही. हे टीआयमधले पीअर एज्युकेटर (त्याच लोकांमधून आलेले शिकवणारे) झकास करतात, त्यांना शिकवायला बोलवा. डॉक्टरांचं व्याख्यान दुपारी ठेवलंत तरी चालेल.

चाचणीचं तंत्र त्या मानानं सोपं आहे. मी ते पुढे एका टीआय प्रकल्पाच्या शिबिरात बाजूला उभं राहून पाहिलं. अनामिकेच्या टोकाला जरा कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा पट्टीवरच्या खळग्यात सोडायचा, वर बाटलीतले थेंब टाकायचे, घड्याळ लावायचं. कंट्रोलची (किट नीट चालतंय हे दाखवणारी) रेघ उमटली नाही तर चाचणी बाद, नवीन किट घ्यायचं. दोन रेघा आल्या तर ‘रिॲक्टिव्ह’. पॉझिटिव्ह नव्हे, ते ठरवायला आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात. हा एक शब्द चुकला तर माणूस रात्रीत भिंतीवरून उडी मारून जाईल, आमच्या भिंती कमी उंचीच्या आहेत. अवघड असतात ती मधली पंधरा-वीस मिनिटं. पट्टी टेबलावर, माणूस समोर. ती पट्टी झाकून ठेवायची की नाही, त्या वेळात काय बोलायचं, तो रडला तर काय, तो हसला तर काय. हे शिकवायचं असतं.

काही गोष्टी आमच्याच कामाच्या आहेत, त्या नेहमीच्या आयसीटीसी प्रशिक्षणात बसणार नाहीत. पहिले चार-पाच दिवस माणूस थरथरत असतो, काहींना भास होतात, भिंतीवर मुंग्या दिसतात. त्या अवस्थेत घेतलेली संमती ही संमती नव्हे. सही झाली असली तरी नव्हे. आमच्या हिशेबानं दुसरा आठवडा बरा. मग विंडो पिरियड : अगदी अलीकडे लागण झाली असेल तर या चाचणीत ती दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. आमचा तीन महिन्यांचा फॉलोअप नेमका तेव्हाच येतो. त्या दिवशी नाहीतरी तो पेढे घेऊन येतो किंवा येतच नाही. आला तर दुसरी चाचणी तिथेच व्हावी. आणि आधीपासून एआरटीवर असलेल्यांसाठी झडतीच्या वेळी एक वाक्य हवं, नातेवाइकांना बाजूला घेऊन, प्रत्येक पेशंटला सारखंच विचारायचं. ते आम्ही आता करतो. ते वाक्य आम्हाला कुणी दिलं नाही, डबीनं दिलं.

कायद्याबद्दल. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय निकाल तिसऱ्याला सांगणं नाही, उपचार देण्याआधी चाचणीची अट घालणं नाही. हे किती केंद्रांत पाळलं जातं? मी दोन ठिकाणी ॲडमिशनच्या ‘प्रोफाईल’मध्ये सीबीसीबरोबर (रक्ताच्या साध्या तपासणीबरोबर) एचआयव्ही घुसडलेली पाहिलीय आणि रिपोर्ट आधी पेशंटच्या भावाच्या हातात, कारण पैसे भावानं भरले. नातेवाईक तर उघड म्हणतात, ‘साहेब, ती पण करून टाका, त्याला नका सांगू, आम्हाला सांगा.’ त्यांना शांतपणे नाही म्हणण्याचे शब्दही प्रशिक्षणात हवेत, कारण उद्या तेच नातेवाईक पेशंटला घरी घेऊन जाऊ शकतात. याच कायद्यात धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुईबद्दल सांगणं किंवा ती देणं हा गुन्हा नाही असंही आहे. आमच्या क्षेत्रात अजून अनेकांना वाटतं की सुईबद्दल बोललं तर पोलीस येतील. आणि ज्यांना कामाच्या ठिकाणी लागणीचा धोका आहे त्यांना पीईपी (लागण टाळण्यासाठी लगेच सुरू करायचं औषध) मिळायला हवं, हेही त्यात आहे. सुई टोचल्यापासून ७२ तासांच्या आत, २८ दिवस. आमच्या सिस्टरला एकदा टोचली होती. तिनं सावलॉननं हात धुतला आणि घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा तीन आठवडे झाले होते.

आता मागणं. दोन्ही कार्यालयांच्या सह्यांचं एक परिपत्रक काढा. त्यात अनुदानित आणि परवानाधारक व्यसनमुक्ती केंद्रांना चाचणीची जागा म्हणून मान्यता द्या, किट नॅकोच्या पुरवठ्यातून द्या, आणि प्रत्येक केंद्र जवळच्या आयसीटीसी आणि एआरटी केंद्राला नावानिशी जोडा, म्हणजे फोन कुणाला करायचा ते कळेल. किटसोबत फ्रीज द्या. हसू नका. किट ३० अंशांच्या खाली ठेवायची असतात आणि आमच्याकडे एप्रिलपासून पारा चाळिशीच्या पुढे असतो. आहे त्या फ्रीजमध्ये दूध आणि मावशींची कोथिंबीर असते. प्रशिक्षण फक्त समुपदेशकांना देऊ नका. वॉर्डबॉय, स्वयंपाकी, वॉचमन, झडती घेणारा भाऊ, सगळ्यांना किमान एक दिवस. टोचायचं आणि निकाल सांगायचं ज्यांच्याकडे आहे त्यांना पाच दिवस, मराठीतून, आणि त्यानंतर महिनाभर कुणीतरी अनुभवी माणूस आमच्या शेजारी बसणारा. दोन तासांचं सेन्सिटायझेशन, समोसा आणि ग्रुप फोटो आमच्याकडे तीनदा झालाय. फोटो भिंतीवर आहेत. आणि दर सहा महिन्यांनी परत या, कारण या मानधनावर माणसं टिकत नाहीत; आज शिकवलेला पोरगा दिवाळीपर्यंत कंपनीत लागलेला असतो.

एक हात जोडून विनंती. टार्गेट देऊ नका. महिन्याला इतक्या चाचण्या असा आकडा आला की पहिल्या आठवड्यातच संमतीचा फॉर्म ॲडमिशनच्या फॉर्मला स्टेपल होईल. कोण करेल? आम्हीच करू. मोजायचंच असेल तर हे मोजा, की किती जणांना विचारलं, किती जण ‘नाही’ म्हणाले आणि तरी उपचाराला थांबले, रिॲक्टिव्ह आलेल्यांतले किती एआरटी केंद्रात पोचले.

आमच्या केंद्राला एक हॉल आहे. चाळीस माणसं मांडी घालून बसतात, पंखे दोन चालतात, तिसरा दुरुस्त करून घेतो. जिल्ह्यातली आणखी चार केंद्रं माणसं पाठवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. जेवणाचं आम्ही बघू. शनिवार-रविवार सोडून कोणतीही तारीख चालेल, रविवारी फॅमिली मीटिंग असते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर डापकूमार्फत (जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकामार्फत) निरोप द्या. जिल्ह्यातल्या सगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांना एकच तारीख कळवली की मला आपोआप कळेल.

आपला,
एक समुपदेशक